पुढचं डावं चाक

आमची मिल्लेचेंतो माझ्यापेक्षा थोरली.
फियाट, सत्तावन्न सालची, रंग कधीकाळी दुधी.
अबोय तिला नुसतं 'ही' म्हणतात
आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करते.

मंगळवारी नेफासितच्या वळणावर
हिनं डावीकडे ओढ घेतली.
अस्मारापासून समुद्रापर्यंत रस्ता नुसता उतरतच जातो,
कडेला निवडुंग, निवडुंगाखाली धुकं,
धुक्याखाली काय ते कुणी सांगायला परत आलेलं नाही.
बेलेस विकणारा पोरगा म्हणाला,
चाकावर थुंकून बघ, चुर्र झालं तर पुढे जाऊ नकोस.
चुर्र झालं.

ड्रम उतरवला. लायनर बरे. स्प्रिंगा बऱ्या.
सिलिंडरचे रबर बदलले,
केसेते धाडतो ते बोलोन्याहून, दर ईस्टरला,
लोकरी मोज्यात गुंडाळून, सोबत चिठ्ठी नाही.

मग हवा काढायची.
त्याला माणसं दोन लागतात,
एक खाली, पाना घेऊन; एक वर, पेडलपाशी.
सात वर्षांची होते तेव्हा वर मी असायचे,
सीटच्या कडेवर लोंबकळत, पाय जेमतेम पुरायचा.
दाब. दाबलं.
धर. धरलं.
पेडल हळूहळू जमिनीला टेके,
खाली बाटलीत बुडबुडे, पोटरीत गोळा.
सोडू नकोस अजून.
अजून नको.
'सोड' म्हणायला अबोयना नेहमीच उशीर व्हायचा.

आता खाली मी असते.
त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर पाना वाजवते:
एक ठोका, दाबा. दोन ठोके, सोडा.

पेडल दगडासारखं झालं. चौकापर्यंत फिरवून आणली.
डावं चाक पुन्हा तापलेलं.

मास्टर सिलिंडर, अबोय म्हणाले, आणि तीन दिवस त्यात गेले.
तो निर्दोष निघाला.
चौथ्या दिवशी, चाक अडलेलं असताना,
वरचा सांधा सैल केला: चाक हलेना.
खालचं निपल उघडलं: चाक सुटलं, हातानं फिरलं.
म्हणजे दुखणं मधल्या वीतभर रबरी नळीत.

नळी बाहेरून ठणठणीत.
चाकूनं उभी चिरली तर आत सुजलेली,
भोक उरलं सुईच्या नेढ्याएवढं.
पायाच्या जोरानं ऑइल जातं पलीकडे.
परत यायला जोर कुणाचा?
एका म्हाताऱ्या स्प्रिंगेचा.

अबोयनी ती फाक दिव्याशी धरली.
बाहेरून किती वेळा पुसली असेल मी ही, म्हणाले,
आणि कॉफीचा तिसरा कप न पिताच उठले,
जो आमच्याकडे कुणी टाकून उठत नाही.

रात्री बोलोन्याला फोन लावला.
मी बोलणार होते. त्यांनी हात पुढे केला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
चौतीस सेंटिमीटर, ते ओरडले,
एकीकडे आटे आतून, दुसरीकडे बाहेरून. लिहून घे.

मग गप्प.
फोन कानाला तसाच धरलेला, न ऐकू येणाऱ्या कानाला,
पलीकडे केसेते बोलत होता की नव्हता, देव जाणे.
पाना माझ्या हातातच होता.
वाजवला नाही.