हद्दवाढ

सोलापूर माझ्या स्टुलापाशी संपायचं.
पुढे बोरमाळ: चाळीस उंबरे, एक आड,
इरप्पा म्हमाणेची ज्वारी.
मी जकातीचा कारकून.
कडब्याला किती, तुपाच्या डब्याला किती,
झोपेतही पाठ.

मग उलटं सुरू झालं.
बाहेर जाणाऱ्या मालाला जकात नव्हती,
म्हणून कुठंच लिहिलेलं नाही
की आधी गेला येमूल शेठच्या टॉवेलांतून पिकलेला मकराणा,
मग पितळी कड्यांचा झोपाळा,
आणि एका दुपारी, दोरखंडानं बांधून,
उभंच्या उभं नारळाचं झाड.

इरप्पा म्हणाला,
"बघा की सायेब, सावलीबी इकत आणलेत."
जमिनीच्या पैशात त्यानं दोन दात सोन्याचे बसवले होते.
मुद्दाम हसायचा.

हद्दवाढ झाली. नाका चार किलोमीटर पुढे सरकला,
नंतर जकातच गेली.
स्टूल मी घरी आणलं, त्यावर आता कुंडी आहे.

बोरमाळला आज कमान आहे, कमानीत रखवालदार.
नातीला शिकवणीला सोडायला जातो
तर तो वहीत उतरवून घेतो:
नाव, वेळ, कुणाकडे, काय काम.
अक्षर बरं आहे पोराचं.

मी सही करतो
आणि सवयीनं, पावतीसाठी
तिथंच थांबून राहतो.