तिसऱ्या वर्षाचा कागद

पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेलं घर.
खिडकीला काच आली, तरी लुआन मावशी
नव्या वर्षाला कातरलेला कागद डकवतेच.

नवरा गेला त्या वर्षी पांढरा कापला.
पुढच्या वर्षी हिरवा.
शेजारणी म्हणाल्या, आता तिसरं, आता लाल चालेल.

तिनं जुना नमुना ओल्या कागदावर बसवला,
दिव्याच्या धुरावर धरला.
काजळी चढली. नमुना उचलला
तर काळ्यात कोंबडा उरलेला, कोरा.
"बघ," म्हणाली, "हा काही जळत नाही."

मग लाल. बाजारातला, स्वस्तातला,
घामेजल्या बोटांना लगेच लागणारा.
शेपटीपाशी कात्री थांबली.
तो हसायचा या शेपटीला, केरसुणी म्हणायचा.
तिनं आणखी दोन पिसं वाढवली.

उन्हाळा सरेपर्यंत रंग उडाला:
आधी गुलाबी, मग जवळजवळ पांढरा,
घरात कुणी गेलेलं नसताना.

मी विचारलं, काढू का?
ती कणीक मळत होती. मान वर न करता:
"राहू दे. आतून बघ."

आतून, शेपटीपाशी,
होता अजून.