खोकल्याची वही

पाच चाळीसला येतो.
गजराच्या आधी, दूधवाल्याच्या आधी,
समोरच्या अर्धवट टॉवरवरची क्रेन हलायच्याही आधी.
पहिला कोरडा, चाचपडणारा,
जसं कुणी अंधारात
दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावून बघतं.
मग सलग नऊ-दहा.
मग शिंका. त्यांची मोजदाद नाही.

नारायण पेठेतल्या टिल्लू वैद्यबाईंनी नाडी धरली,
खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, दही?
रोज.
केळं?
शिकरण.
रात्री पंखा?
पाचावर.
धंदा?
अठ्ठावीस वर्षं बाइंडिंग. कागद, खळ, धूळ.
त्यांनी हात सोडला.
"चूर्ण देते. पण आधी एक वही करा.
रोज सकाळी लिहायचं, किती वेळा, कशानंतर.
आणि डॉक्टरांचा पंप बंद करायचा नाही,
माझं त्यांच्याशी भांडण नाही."

वही करा, म्हणाल्या. आणा नाही.
मीही उरलेल्या तावांची शिवली,
पाठीला खादीची पट्टी, मजबूत.
एवढी पानं खोकायला
आयुष्य पुरेल का, हा विचार
दोरा ओवताना आला. गाठ मारली.

मंगळवार. अकरा. शेजारी फरशी फोडतायत.
बुधवार. चौदा. एसीमागे कबुतराचं घरटं सापडलं,
दोन अंडी. हात धजेना.
गुरुवार. नऊ. सितोपलादी मधातून.
मध गळ्याशी जरा वेळ बसतो,
घाईत नसलेल्या पाहुण्यासारखा.
शनिवार. दहा. रात्री हळद-दूध, सुंठ अंमळ जास्त झाली,
कानातून वाफ.
रविवार. सतरा. लग्नाला गेलो होतो.
श्रीखंड. दोन वाट्या.
(बाईंना एकच सांगायची.)

खालच्या मजल्यावरचा सलीम तांबोळी
सहाला रिक्षा काढतो. जिन्यात भेटला,
"काका, तुमच्या खोकल्यावर उठतो मी.
तेवढं रविवारी जरा उशिरा खोकत जा."
संध्याकाळी त्याच्या अम्मीकडून
अडुळशाची पानं आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
उकळली. कडू. इतकी कडू
की खोकल्यानं दोन दिवस तोंड दाखवलं नाही.
तिसऱ्या दिवशी सलीमची स्टेशनची सवारी चुकली.

हे सगळं लागू पडतं का?
पडतं. आणि नाही पडत.
ज्येष्ठमधाची काडी गालात धरून
मी धायरीच्या चढावर उभा राहतो,
पुढून डंपर जातो,
आणि आठवड्याचं पथ्य
एका ढगात संपतं.
नाकात तेलाचे दोन थेंब सोडून रोज
मान मागे टाकून पडतो तेव्हा
छतावरचा ओलीचा डाग दिसतो,
एरवी कधी बघितला नसता.
तो वाढतोय. तेही लिहिलंय.

कुमुद चार वर्षं आतल्या खोलीत झोपते.
भांडण नाही. झोप.
तिला सातला शाळा असायची, मला पाच चाळीस असायचे,
मध्ये एक भिंत घातली, झालं.
आता ती निवृत्त आहे, भिंत तशीच.

ज्येष्ठातला एक आठवडा मी लिहायचं विसरलो.
भावाकडे आजारपण, दिवसभर ये-जा,
पहाटे खोकून उठायचं आणि निघायचं.
काल बाईंना दाखवायला म्हणून पानं चाळली
तर तो आठवडा कोरा नव्हता.
पेन्सिलीनं, तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात,
सोमवार आठ. मंगळवार सहा.
बुधवार तेरा, शेवटचे दोन फार खोल.
गुरुवार. पाणी प्यायले वाटतं. मग थांबला.

शुक्रवारी फक्त एक ओळ होती,
सव्वापाचपासून जागी आहे, अजून नाही.
खाली थोडं खोडलेलं.
आणि मग, पाच बावन्न. सात.

मी काही विचारलं नाही.
पेन्सिल बोथट झाली होती,
टोक काढून वहीत ठेवली.

आज बारा.
पिल्लं बाहेर आलीत.