रकाना सात

मार्था किंडो, नाहोरतली चहामळा, लाइन नंबर चार.
ती सांगते, मी फॉर्म भरतो.
तिच्या बोटांवर पानांचा काळा डाग,
लिंबानंही न निघणारा.

जमात? उराँव.
इथं नाही ती, कारकून मान वर न करताच म्हणतो.
तिकडे सिमडेग्यात आहे.
त्याच आडनावावर मावसभावाला दाखला मिळाला,
त्याची पोर नर्सिंगला लागली.

"पणजा आगबोटीतून उतरला," मार्था म्हणते,
"तेव्हा गळ्यात पत्र्याचा बिल्ला. पाचशे बारा.
नाव कुणी विचारलं नाही.
आता नाव विचारता,
मग जमात कुठल्या घाटावर उतरून राहिली म्हणे?"

कारकून पंख्याकडे बघतो.
दिल्लीत विचार चालू आहे.
मागच्या निवडणुकीलाही चालूच होता,
त्याच्या मागच्याही.

ती मिठाचा चहा संपवते,
माझ्या हातून पेन घेते.
रकाना सात, 'लागू नाही' असं आधीच छापलेलं.
त्याच्यावरून, रात्रशाळेत शिकलेल्या तोलोंग सिकीत,
सावकाश, जीभ दातांत धरून
चार अक्षरं काढते.

हे काय?
"लिहिलंय ते," मार्था म्हणते.
"वाचा."