किल्ली समोरच्या घरात

रविवारची दुपार. बस मला उतरवून
मागे न बघता निघून गेली.
पुढची साडेपाचला, की पुढच्या रविवारी,
हे वेळापत्रकातल्या बारीक अक्षरांनी
शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

गाव ओंजळीत मावेल एवढं.
लाल विटांची, पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची घरं,
चौकात एक लिंडनचं झाड,
त्याच्या थकलेल्या फांद्यांना लोखंडी कुबड्या.
बेकरी बंद. औषधांचं दुकान बंद.
पवनचक्कीसुद्धा बंद.
वारा तेवढा चालू, हॉलंडकडून येणारा,
सुट्टी न घेणारा.

चर्चच्या दारावर टाचलेली चिठ्ठी:
किल्ली समोरच्या घरात. बेल दोनदा वाजवा.
पहिली मला ऐकू येत नाही.

दोनदा वाजवली.
आलायडा इंगेनलाथ, वय एकोणनव्वद,
एप्रनच्या खिशातून डोकावणारी वीतभर किल्ली.
"जर्मन येतं?"
"मोडकंतोडकं."
"चालेल. माझंही तसंच.
आम्ही घरात बोलतो ते पलीकडच्यांना कळतं,
बर्लिनला कळत नाही."

आत थंडावा, मेणाचा वास,
आणि ओकच्या लाकडात कोरलेली ही गर्दी:
घोडे, शिपाई, रडणाऱ्या बाया, एक कुत्रा,
सगळ्यांच्या माना वर, क्रुसाकडे.
मी संतांची नावं विचारली.
तिने हात झटकला. "ते पुस्तिकेत आहे. दोन युरो."
मग गुडघे धरत खाली वाकली,
डाव्या कोपऱ्यात, जिथे उजेड पोचत नाही,
तिथे बोट ठेवलं.

बोटभर उंचीचा एक माणूस.
पाठ आपल्याकडे. वाकून
बुटाचा बंद बांधतोय.
वर एवढं सगळं घडतंय
आणि याचं लक्ष बुटात.
"पाचशे वर्षं झाली," ती म्हणाली,
"अजून बांधून झाला नाही."

मी हसले. ती हसली नाही,
पण मला तेव्हा ते कळलं नाही.

नंतर तिच्या स्वयंपाकघरात कॉफी.
टेबलावरचा फोन मधूनच थरथरायचा:
नेदरलँड्समध्ये आपलं स्वागत आहे.
थोड्या वेळाने: जर्मनीमध्ये आपलं स्वागत आहे.
"वाऱ्यावर असतं," ती म्हणाली.
"दिवसातून दहादा जाऊन येते मी, चपला न घालता.
तेव्हा कुणी असं स्वागत करत नव्हतं."

तेव्हा म्हणजे लढाई संपल्यावर.
आईने कोटाच्या अस्तरात शिवलेले कॉफीचे दाणे,
बिटाचं शेत, मग चर, मग काटेरी तार.
पळताना दाणे खुळखुळायचे
म्हणून दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून पळायचं.
जकातवाले पोरांच्या केसांचा वास घ्यायचे.
ती अकरा वर्षांची. गेरिट चौदाचा.

"मी पुढे होते," ती म्हणाली.
"त्याच्या बुटाची नाडी सुटली.
तू हो पुढे, म्हणाला. आलोच."

तिने साखर ढवळली.
माझ्या लक्षात होतं, तिने साखर घेतलेली नव्हती.

मी काही विचारलं नाही.
मोडक्यातोडक्या भाषेचा हा एक फायदा,
गप्प बसलं की लोकांना वाटतं
शब्द सापडत नाहीये.

पाच वाजता निघाले. तिने दार लोटून घेतलं.
छाटलेल्या विलोंच्या रांगेशेजारून चालत
बसथांब्यापर्यंत पोचले, खिशात हात घातला,
तर हाताला गार लोखंड लागलं.
चर्चला कुलूप मीच लावलं होतं.

बस आली, वेळेवर, अगदी रिकामी.
ड्रायव्हरने भुवया उंचावल्या.
मी त्याला किल्ली दाखवली,
जणू त्यात सगळं आलं.
त्याने मान हलवली आणि दार मिटलं.

परत चौक. लिंडन. कुबड्या.
आता दोनदा वाजवायची, मला माहीत होतं.
पण पहिल्याच बेलेला
दार उघडलं.