हा, साद, लाम

मार्च अखेर. तहसील कचेरीतला पंखा फिरतो,
वारा मात्र दुसऱ्याच टेबलाला जातो.
खिडकी क्रमांक तीन : मी.
रांगेत एका बाईला रडू फुटलं,
उताऱ्यावर नवऱ्याचं नाव चुकलं म्हणून,
आणि मी सवयीनं बोलून गेले :
आता रडून काय हशील?

तिच्या मागे बंदेनवाज नदाफ.
दिवसा गाद्या भरतात, संध्याकाळी बेगम पेठेत
पोरांना अरबी शिकवतात.
दाढीत कापूस होता की दाढीच तशी, कळेना.
म्हणाले, बाई, तुम्ही आत्ता अरबी बोललाव.

मी? मी तर मोहोळची. अरबी कुठली?

त्यांनी माझंच पेन घेतलं,
स्वतःच्याच अर्जाच्या पाठीवर तीन अक्षरं काढली,
उजवीकडून डावीकडे.
हा. साद. लाम.
साद म्हणजे हाक ना? मी विचारलं.
नाही हो, नुसतं अक्षर. पण बरोबर, तिघांनी मिळून हाक मारली
की घरातले सगळे बाहेर येतात.

मग आलेच ते एकेक :
दारावरच्या पाटीतून तहसील,
माझ्या पगारपत्रकातून महसूल
(तिकडं महसूल म्हणजे शेतातलं पीक, बाई;
इकडं येईपर्यंत सरकारचं झालं),
जुन्या मोडी कागदातून मोहसल,
जो तगाद्यासाठी दारातच बसून राही
आणि खाणंही त्याच घरचं खाई.
उर्दू शाळेत बेरीज करताना
पोरगं म्हणतं हासिल एक,
तोच तुमचा हातचा.
मातीचा गल्ला. तोही.
आणि कबुतराच्या गळ्यातली दाण्यांची थैली,
तिच्यावरून हौसला.
म्हणजे हिंमत? मी विचारलं.
म्हणजे किती मावतं ते, ते म्हणाले.

रांग खोळंबली होती. कुणीच ओरडलं नाही.
चिप्पा नावाचे विणकर, एमआयडीसीतल्या मागावर उभं आयुष्य गेलेले,
खांद्यावरून वाकून म्हणाले,
म्हणजे ताणा तोच, बाणा बदलायचा.
नदाफांनी त्यांच्याकडे असं पाहिलं
जसं तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याकडे पाहिलं नसेल.

आणि सगळ्यांच्या आधी?
आधी पाखडणं. सोनं मातीतून, दाणा भुशातून.
मला होटगी रस्त्याचं खळं आठवलं,
शाळूची कणसं, सुपाच्या ओठावर थांबलेला
एक हलका दाणा : जावं का राहावं.
अजून एक अर्थ आहे, म्हणाले.
बोट छातीवर ठेवलं. आणि सांगितला नाही.

मीही शहाणपणा केला :
आणि वसूल? तो यांचाच ना?
नाही. त्यांचा आवाज खाली आला.
ते वेगळं घर. वाव, साद, लाम.
फक्त पहिलं अक्षर बदललंय.
पोचणं. भेटणं. दोघं एक होणं.
त्याची तुम्ही वसुली केलाव,
वासलातही त्याच घरची लावलाव.

मग अर्ज उलटा करून सरळ बाजूनं दिला.
मयत : जैतुनबी बंदेनवाज नदाफ.
होटगीचे अकरा गुंठे, जिरायत.
गल्ला तिचाच होता, बाई. काल फोडला.
नाणी कमी, बटणं जास्त.
माझ्याच शर्टांची. पडतील तशी टाकत गेलेली.

मी शिक्का शोधत राहिले,
तो समोरच होता.

माहेरचं कुणी?
नाही.
मूलबाळ?
पंखा एक फेरी फिरला.

रकान्यात लिहिलं, वारस : पती.
एकूण :
पेन अडलं, झटकलं, पुन्हा टेकवलं.
खिडकीच्या गजावर एक कबूतर,
गळा भरलेला, उडायची घाई नाही.
लिहिलं : एक.
आणि ओठांत, त्यांना ऐकू जाणार नाही असं,
शाळेतल्यासारखं :
हातचा.