बत्तीसास एक

वडिलांचं लायसन्स कोर्टानं ठेवून घेतलं त्या वर्षी
दारात एक खोकं आलं.
कोपरे फुटलेले, आत चिनी वर्तमानपत्रांचे बोळे
आणि त्यांत माझ्या डोक्याएवढं इंजिन.

सायकल होतीच, लेलँडकाकाची, लाल, मडगार्ड नसलेली.
तिच्या फ्रेमच्या पोटात ते बसवायला दोन रविवार गेले.
धान्याचं कोठार अकरा मैलांवर.
हा कॅन्सस. वाटेत एक चढ नाही,
माणसाला तोंड लपवता येईल असं झाडही नाही.

पहाटे साडेचारला त्यांचे हात थरथरायचे,
म्हणून मापाचं काम माझ्याकडे.
मी तेरा वर्षांची. माप म्हणजे
खोकल्याच्या औषधाचं झाकण.
"नव्या इंजिनाला गॅलनमागे सोळा झाकणं," ते म्हणाले,
"सोळास एक. रुळलं की आठ.
मग कायम बत्तीसास एक."
थोडं थांबून, पाना शोधत:
"माणसाचं उलटं असतं, लोरीन."

निळं तेल पेट्रोलमध्ये उतरताना
दोऱ्यासारखं लोंबतं.
डबा हलवला की कुठे गेलं कळत नाही,
पण इंजिनाला कळतं.

शाळेत नाही शिकवत अशा गोष्टी शिकले मी.
प्लग काढून उजेडात धरायचा.
काळा, ओलसर असेल तर समज, ढोसतंय.
पांढरा, कोरडा ठणठणीत, तर उपाशी पळतंय,
आवाज गोड येईल, वेग वाढेल,
आणि ऐन रस्त्यात पिस्टन धरेल.
वडिलांना तो गोड आवाजच आवडायचा.
मला हवा असायचा गव्हाळ प्लग,
जुलैत ट्रक उलटतात कोठाराच्या जाळीवर,
त्या ढिगाच्या रंगाचा.

कार्ब्युरेटरच्या सुईला पाच खाचा,
खाचेत नखाच्या तुकड्याएवढी क्लिप.
ती एकदा टणकन उडाली गवतात.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, तासभर,
शेजारच्या मिसेस हेफेल पडद्याआडून बघत होत्या.
तिला वाटलं असेल, प्रार्थना चाललीय.
सापडली ती वडिलांच्या पँटच्या दुमडीत.
त्या वर्षात ते एवढं एकदाच हसले.

ऑक्टोबरात हवा गार होते, जड होते,
इंजिनाला आहे तेवढं पेट्रोल पुरत नाही.
क्लिप एक खाच खाली आणली मी,
कुणाला न विचारता.
संध्याकाळी ते म्हणाले, "आज बरं चाललं."
मी भांडी घासत राहिले.

सपाट मुलखात आवाज दोन मैलांवरून येतो.
सात वाजता खिडकी उघडून बसायचे मी.
आधी डास. मग शिवणयंत्र. मग ते.
मध्ये एक चौक, चौकात डचेस बार,
पिवळ्या दिव्याचा, डाव्या हाताला.
तिथे वळणासाठी आवाज मंदावायचा
आणि पुन्हा चढेपर्यंत
मी मनात झाकणं मोजायचे. एक, दोन, तीन.
पाचच्या पुढे कधी जावं लागलं नाही.

नोव्हेंबरात एकदा गेले.
आठ. सोळा. चाळीस.
चौकात आवाज बंद झाला तो झालाच.
आईनं ताट झाकलं, काही न बोलता दिवा मालवला,
पुन्हा लावला.

दहाला अंगणात चाकाची टिकटिक.
सायकल ढकलत आले, चेन खांद्यावर,
कोपरापर्यंत काळे हात.
"चेन तुटली," म्हणाले. "बारच्या दारातच.
आत उजेड होता, दुरुस्त करता आली असती."

मी जवळ गेले, मफलर घ्यायला म्हणून.
त्यांना माहीत होतं कशाला.
ते वाकले, तोंड माझ्या तोंडाशी आणलं,
डॉक्टरला दाखवतात तसा आ केला.

पेट्रोल. थंडी. सकाळची कॉफी.
मी मान हलवली.

मग गॅरेजमध्ये जाऊन
उद्याच्या डब्यात आठ झाकणं ओतली,
आणि माझेच हात थरथरत होते म्हणून
पुन्हा सगळं ओतून पहिल्यापासून.